पणजोबांचं रिव्हॉल्वर : ओळख कशी पटवायची, किंमत किती धरायची?

कृष्णाकाठचा :
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या आजोबांच्या परवान्यावर एक जुनं रिव्हॉल्वर होतं, मूळचं पणजोबांचं. आजोबा फेब्रुवारीत गेले, आम्ही ते पोलीस ठाण्यात जमा केलं. पावती आहे. आता काका म्हणतात विकून मोकळे होऊ, बाबा म्हणतात घराण्याची वस्तू आहे. माझ्याकडे जमा करायच्या आधी काढलेले फोटो आहेत. सहा गोळ्यांचं, सहा इंची नळीचं, मधून मोडून उघडतं. वरच्या पट्टीवर 'मार्क' आणि पुढे रोमन सहा, चौकटीवर 'वेब्ली पेटंट्स' आणि १९१७. घरची गोष्ट अशी की पणजोबा मेसोपोटेमियात (आताच्या इराकमध्ये) लढले आणि साहेबाने खूश होऊन हे बक्षीस दिलं. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, "अँटिक आहे, परवाना कशाला? हजार डॉलर कुठे गेले नाहीत." खरं काय धरायचं?

गंजका खिळा :
आधी एक. नळीवरचा वा चौकटीवरचा नंबर इथे टाकू नका.
नावावरून हे वेब्ली मार्क सिक्स, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं. ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये घेतलं, बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप इंचात, .४५५. मुठीचं बूड चौकोनी आहे ना? आधीच्या मार्कांची, म्हणजे आवृत्त्यांची, मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते. पण नुसतं नाव वाचून भुलू नका. पेशावरकडच्या दर्रा आदमखेलचे कारागीर कानशीने घासून वेब्ली घडवायचे. ठोकताना शिक्क्यांत फसायचे, 'एन' उलटा पडायचा, मुकुटाचं वांगं व्हायचं. फोटो मोठे करून अक्षरं बघा. बाण दिसतो का?

कृष्णाकाठचा :
अक्षरं सरळ आहेत. मूठही चौकोनीच. एक बाण आहे, आणि जवळच दोन बाण टोकाला टोक लावलेले.
एक कबुली देतो. दर खंडेनवमीला ते पाटावर मांडून हळदकुंकू, वर दूधपाण्याचा शिंतोडा. कुंकू साचायचं तिथे बारीक खड्डे पडलेत. ते दिसू नयेत म्हणून काकांनी गेल्या वर्षी पॉलिश पेपर मारला. आता आरशासारखं चमकतं.

गंजका खिळा :
अरेरे! काकांनी गंजाबरोबर निम्मी किंमतही घासली. संग्राहक मूळ काळसर-निळ्या रंगाला पैसे देतो. डाग चालतात, चकाकी नाही चालत.
एकटा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. टोकाला टोक लावलेले दोन म्हणजे सरकारने ते रीतसर विकून बाहेर काढलं. तेव्हा कुणीतरी पैसे मोजलेत. साहेबाने विकत घेऊन दिलं असेलही, पण त्याला कागद लागेल. पणजोबांचा पहिला परवाना शोधा. तो मिळाला तर लोखंडापेक्षा त्याला जास्त मोल.

निवृत्त कारकून :
परवाना शाखेत अनेक वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. मावसभाऊ त्याच्या देशाच्या हिशोबानेही चुकला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं, हे १९१७ चं. आपल्याकडे तर अशी वर्षाची रेघच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशांनाच. तुमचं उघडतं, मिटतं, फिरतं. म्हणजे परवाना हवाच.
दुसरी अडचण मोठी. .४५५ हा प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेला, .३८ च्या रिव्हॉल्वरसारखा. त्याचा परवाना कलेक्टर देत नाहीत, केंद्रीय गृहमंत्रालय देतं. म्हणून गिऱ्हाईक मोजकंच. हेच वेब्ली .३२ चं असतं तर लोक लाखांच्या गोष्टी बोलले असते. सामान्य माणसाला बाहेरून हत्यार मागवणं ऐंशीच्या दशकात बंद झालं, तेव्हापासून जुन्या 'इंपोर्टेड'ला भाव आहे. डॉलर गुणिले रुपये हे गणित सोडा. शंभरी ओलांडलेली वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.
वारस म्हणून बाबांच्या नावे परवाना मागता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारशातलं धरून, हे लक्षात असू द्या. बाबांचा अर्ज आधी टाका. विकायचंच ठरलं तर दोन-तीन परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या. आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, घाबरू नका.

कृष्णाकाठचा :
बाबांनी काल पत्र्याची ट्रंक उपसली. कापडात गुंडाळलेलं परवान्याचं पुस्तक सापडलं, पणजोबांच्या नावाचं, पानं वाळवीने खाल्लेली पण सही-शिक्का शाबूत. बक्षिसाचा उल्लेख कुठेच नाही. तळाशी चार पितळी काडतुसं, बुडावर 'के' आणि 'एफ'.

निवृत्त कारकून :
के एफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी. फोटो नंतर टाका, आज संध्याकाळच्या आत ती चारही ठाण्यात जमा करून पावतीवर चढवून घ्या. काडतुसांनाही तोच कायदा आहे.

गंजका खिळा :
आणि काकांच्या हाती लागायच्या आत ते पुस्तक प्लास्टिकमध्ये नको, कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा.