बंदर दारात, मासा मात्र गोठवलेला
इंग्लंडमधल्या फिश-अँड-चिप्सच्या (तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले काप) दुकानांबद्दल 'दुकान बंदरावरच, म्हणजे मासा ताजा आणि स्वस्त' असं म्हणतात, ते मला पटत नाही. तिथल्या यॉर्कशर भागाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरांत होड्या मुख्यतः खेकडे नि लॉबस्टर आणतात, आणि त्यातला बराचसा माल फ्रान्स-स्पेनला जातो. तळायचा हॅडॉक (थंड समुद्रातला एक मासा) बहुतेकदा नॉर्वे-आइसलँडकडचा, ट्रॉलरवरच, म्हणजे मासेमारीच्या जहाजावरच, काही तासांत गोठवलेला. वाईट नसतो हो, चार दिवस बर्फात पडलेल्या 'ताज्या'पेक्षा बराच चांगला!

मी शनिवारी ज्या घरगुती दुकानात मदतीला जाते, तिथल्या मालकीणबाईंना खरी धास्ती बटाट्याची. कोठारात फार गारठला की त्यातली साखर वाढते आणि चिप्स शिजायच्या आधीच काळपटतात. नवं पोतं फोडलं की मालकीणबाई आधी मूठभर चिप्स तळून बघतात. आणि यॉर्कशरकडे बऱ्याच दुकानांत तळण गाईच्या चरबीत असतं. शाकाहारी मंडळींनी 'नुसते चिप्स' मागतानाही विचारून घ्यावं.