तपासलं म्हणजे सिद्ध झालं का?
कोलाट्झचा नियम (सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून 1 मिळवा, आणि येणाऱ्या संख्येवर हेच पुन्हा पुन्हा करा) संगणकाने इतक्या संख्यांवर तपासलाय, दरवेळी शेवटी 1च येतो, मग सिद्धतेचा हट्ट कशाला, असं कुणीतरी विचारलंय.

एकदा कागदावर 27 घेऊन बघाच. 82, 41, 124, 62... चढत चढत 9232 पर्यंत जातो आणि 111 पायऱ्यांनी 1 वर येतो. शेजारचा 26 मात्र 10 पायऱ्यांत आटोपतो! असं का, हेच तर कळायला हवंय.

शिवाय गणितज्ञ पोल्याचा 1919 चा अंदाज आठवा. मूळ अवयवांबद्दलचा तो अंदाजही 90 कोटींपर्यंत चोख टिकतो, आणि 90,61,50,257 ला पहिल्यांदा मोडतो. म्हणून मला सिद्धताच हवी.