थॉमसन द्राक्षाच्या एकाच काडीला लांबट मणी आलेत, जात बदलली म्हणायची का?

निफाडचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची थॉमसनची जुनी बाग आहे, खुंट (ज्याच्यावर कलम भरतात तो मुळाकडचा वेल) डॉगरीज. यंदा मण्यात पाणी उतरायला लागलं तेव्हा वडिलांच्या लक्षात आलं की कडेच्या ओळीत एका झाडाच्या एकाच काडीवरच्या घडांचे मणी चांगलेच लांबट आहेत, आणि त्याच ओलांड्यावर (तारेवर पसरवलेल्या जाड फांदीवर) टीचभर अंतरावर जी दुसरी काडी आहे तिचे घड नेहमीसारखे. पानं सारखीच दिसतात. वडील म्हणतात सोनाका ही जात अशीच निघाली होती, आता ही काडी सोडायची नाही. चुलते म्हणतात जीए (मणी वाढवायला देतात ते जिब्रेलिक अॅसिड) जास्त लागलं असेल, उगाच हवेत जाऊ नका. चुलत बहीण बारावी सायन्सला आहे, ती म्हणते म्युटेशन, डीएनए बदललाय. मी कॉमर्सवाला, मला डीएनए म्हणजे पोलीस केसमध्ये चेक करतात तेवढंच माहीत.

तर विचारायचं असं की एकाच झाडात एका काडीचा डीएनए वेगळा असू शकतो का? असेल तर ती काडी खुंटावर भरली तर तसेच मणी येतील का, की खालच्या डॉगरीजचा गुण वर चढतो? आणि बी लावून करता येईल का? (बी नसतं हे माहितीये, पण सोनाकाशी वगैरे क्रॉस म्हणतात तसं काहीतरी.) जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा.

दिंडोरीचे_अण्णा:
भाऊ घाई नको. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी कुणाला तरी नवी जात सापडते, पेढे वाटून होतात आणि पुढच्या गोड छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) ती जात गायब. आधी हे बघा की डिपिंगला, म्हणजे घड जीएच्या पाण्यात बुडवायला, कोण होतं. 3-4 मिलिमीटरला एकदा आणि 6-7 ला एकदा असं आपण घड बुडवतो, कडेच्या ओळीला मजूर बाजू बदलतात तेव्हा एखादी काडी दोनदा बुडते, कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ थॉमसनचा मणी बिनजीएचा कधी बघितलाय का? वाटाण्याएवढा लंबगोल असतो, आज जो एक्स्पोर्टला जातो तो सगळा जीएने ताणलेला. त्यात त्या काडीवर घड कमी असतील, ऊन चांगलं मिळत असेल तरी फरक पडतो.
माझं म्हणणं एवढंच, पुढच्या हंगामात त्या काडीचे दोन घड आणि शेजारच्या काडीचे दोन घड बिनजीएचे ठेवा. तरीही लांबट आले तर मग बोलू.

कॉलेजरोडची_बायोमॅडम:
अण्णांचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि डीएनएच्या बाजूनेही तोच पहिला प्रश्न आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. जीएने मणी लांबतो तेव्हा डीएनएला काहीही होत नाही, पेशी नुसत्या वाढतात. दिवसभर उन्हात राबून बाप रापला म्हणून पोरगं काळं जन्मत नाही, तसंच हे, त्या वर्षापुरतं, पुढे जात नाही. पुढे जातो तो फक्त डीएनएमध्ये झालेला बदल.

आता डीएनए म्हणजे काय. तुमच्या वेलीच्या पानात, सालीत, मण्यात ज्या पेशी आहेत त्या प्रत्येकीच्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे असतात. धागा दुहेरी, पिळलेला, आणि त्याच्यावर फक्त चार प्रकारची अक्षरं, ए टी जी सी. एका बाजूला ए असेल तर समोर टीच, जी असेल तर समोर सीच. ही रचना 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली, त्यात रोझलिंड फ्रँकलिनच्या एक्स-रे फोटोचा मोठा हात होता आणि तिला त्याचं श्रेय फार उशिरा मिळालं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि इथेही सांगणारच. पेशी दुभंगते तेव्हा धाग्याचे दोन पदर उसवतात आणि प्रत्येक पदरासमोर नवा जोडीदार पदर तयार होतो, त्यामुळे दोन्ही पेशींना तीच प्रत मिळते.

हे धागे गुंडाळून जे तुकडे होतात ती गुणसूत्रं म्हणजे क्रोमोसोम. माणसात 46 म्हणजे 23 जोड्या, द्राक्षात 38 म्हणजे 19 जोड्या, आणि आपल्या लासलगावच्या कांद्यात फक्त 16. पण आकड्यावर जाऊ नका. कांद्याचा डीएनए माणसाच्या साधारण पाचपट भरतो, माणसाचा तीनशे कोटी अक्षरांचा तर कांद्याचा सोळाशे कोटींच्या आसपास. द्राक्षाचा मात्र पन्नास कोटीच. म्हणजे डीएनए जास्त म्हणून प्राणी हुशार असं काही नसतं, नाहीतर कांद्याने आपला भाव स्वतः ठरवला असता 😄 जीन म्हणजे या धाग्यावरचा एखादा कामाचा भाग, ज्यावरून पेशी एखादं प्रथिन बनवते.

तुमच्या बहिणीला सांगा, तिला गुणसूत्रं बघायची असतील तर कांद्याच्या मुळावर दिसतात. कांदा बरणीच्या तोंडावर पाण्याला टेकवून ठेवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात, सकाळी त्यांची टोकं कापून फिक्स करायची, आम्लात जरा मऊ करून अॅसिटोकार्मिनने रंगवायची आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून चपटी करायची. मायक्रोस्कोपखाली लालसर काड्यांसारखी गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी दिसतात आणि शेजारच्याच पेशीत दोन बाजूंना ओढली जाताना सापडतात. कांद्याची गुणसूत्रं लांब आणि जाड म्हणून दिसायला सोपी. द्राक्षाची बारीक, तिथे बघून बघून डोळे दुखतात.

तुमचा पहिला प्रश्न, एकाच झाडात एका काडीचा डीएनए वेगळा असू शकतो का. हो, असू शकतो. कोट्यवधी अक्षरांची प्रत दर वेळी काढताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतंच. माणसाच्या प्रत्येक बाळात आईबापात नसलेले साधारण 60-70 नवे बदल असतात, बहुतेकांनी काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. वेलीवर डोळा (ज्यातून नवी फूट येते तो कोंब) तयार होताना त्यातल्या एखाद्या पेशीत असा बदल झाला तर त्या डोळ्यातून फुटलेली काडी बाकी झाडापेक्षा वेगळी निघू शकते. याला बड स्पोर्ट म्हणतात. वडील म्हणतात ते खरंय, सोनाका ही सोलापूरकडच्या नान्नजला थॉमसनमधून निवडलेली अशीच जात आणि तास-ए-गणेश ही तासगावकडची निवड. दोन्ही शेतकऱ्यांनीच बागेत फिरता फिरता ओळखल्या, प्रयोगशाळेत कुणी बनवल्या नाहीत.

पण एक गोम आहे. डोळ्याच्या टोकाशी पेशींचे थर असतात, एक बाहेरचा आणि त्याच्या आत दुसरा. बदल बऱ्याचदा एकाच थरात असतो. पिनो ग्री नावाची वाइनची द्राक्षं आहेत ती अशीच, बाहेरच्या थरात रंग बनतो, आतल्यात बनत नाही. अशी काडी लावली की काही फुटवे नव्यासारखे येतात, काही मूळ जातीवर परत जातात. म्हणून एका हंगामात निकाल लावता येत नाही.

खुंटाचं सोपं आहे. डॉगरीजचा डीएनए खालीच राहतो, कलमाच्या सांध्यावरून वर जात नाही. खुंट पाणी, क्षार, झाडाचा जोम याच्यावर परिणाम करतो, त्यामुळे मण्याच्या आकारमानात थोडाफार फरक पडेलही, पण जात वरच्या काडीची ती वरच्या काडीचीच.

बियांचं उद्या लिहिते, पेपर तपासायचेत.

गंगापूररोड_आईसाहेब:
विषय द्राक्षाचा आहे पण मॅडम आल्याच आहेत तर विचारते, माझा मुलगा अगदी मामावर गेलाय, चालण्यापासून कपाळापर्यंत. सासूबाई म्हणतात आमच्या घराण्याचं काहीच घेतलं नाही याने. असं होऊ शकतं का हो?

कॉलेजरोडची_बायोमॅडम:
आईसाहेब, काहीच घेतलं नाही असं होतच नाही, सासूबाईंना सांगा निम्मा डीएनए त्यांच्या मुलाकडून आलाय, हिशोबात तडजोड नाही. 23 गुणसूत्रं आईकडची, 23 वडिलांकडची, आणि मुलगा आहे म्हणजे त्यातलं वाय गुणसूत्र तर वडिलांकडूनच. आता मामा कसा आला ते बघा. तुम्हाला आणि तुमच्या भावाला गुणसूत्रं त्याच आईवडिलांकडून मिळाली, त्यातली बरीच सारखी, तीच तुमच्याकडून मुलाकडे गेली. शिवाय एक्स गुणसूत्र मुलाला फक्त आईकडून मिळतं, म्हणून लाल-हिरवा रंग न ओळखता येणं हे आजोबांना असतं, आईला दिसत नाही आणि नातवात उतरतं. चालण्याचं मात्र मी डीएनएवर ढकलणार नाही, सुट्टीत मामाकडे किती राहतो ते बघा.

आता द्राक्षाचं बी. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र जातं, कुठलं जाईल ते नशीब. माणसात 23 जोड्या म्हणजे 2 चा 23 वा घात, 83 लाख 88 हजार 608 प्रकार एकट्या आईकडून. (84 लाख योनी आठवल्या ना? मलाही दरवर्षी आठवतात, योगायोग आहे, वर्गात सांगितलं की पोरं आकडा विसरत नाहीत.) द्राक्षात 19 जोड्या, तरी 5 लाखांवर प्रकार होतात, आणि जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात ते वेगळंच. त्यामुळे बियातून आलेला वेल आईसारखा निघायची आशा धरू नका. दोन काळ्या जातींच्या क्रॉसमधून पांढरं द्राक्ष निघू शकतं, कारण रंग बनवणारा जीन एकाही बाजूने चालू मिळाला तर मणी काळा, दोन्हीकडून बंद आला तरच पांढरा, आणि काळ्या वेलीत एक बंद प्रत लपलेली असू शकते. मेंडेलने वाटाण्यावर हेच पाहिलं आणि 1866 ला छापलं, पुढची तीसेक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.
थॉमसनमध्ये बी धरायला सुरुवात होते पण मध्येच वाढ थांबते, नुसता मऊ ठिपका राहतो. दोन्हीकडून बिनबियाची जात घेऊन क्रॉस करायचा तर तो कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. घरच्या घरी नाही होणार. शिवाय तुम्हाला हवाय तो एक बदल जसाच्या तसा, मग बी कशाला? काडीच लावा. काडीत गुणसूत्रांची वाटणी होत नाही, आख्खा संच जातो.

पिंपळगाव_रोपवाटिका:
वरचं सगळं बरोबर पण एक प्रॅक्टिकल गोष्ट कुणी बोललं नाही. एप्रिलला खरड छाटणीत (काढणीनंतरच्या छाटणीत) तुम्ही ती काडी एक डोळा ठेवून उडवणार. बदल जर वरच्या डोळ्यापासून सुरू झाला असेल तर तो तिथेच कापला गेला! अण्णा म्हणतात पुढच्या वर्षी जात गायब होते, त्यातल्या निम्म्या केसेस मला वाटतं अशाच जातात. तर आत्ताच काडीला तार बांधून पत्र्याचा टॅग लावा (सुतळी नको, फवारणीत कुजते), कुठल्या डोळ्यातून कुठला घड आला ते लिहा, आणि खरड छाटणीत त्या काडीला चार-पाच डोळे जास्त ठेवा. प्रत्येक डोळ्याचा फुटवा वेगळा नंबर देऊन वाढवा, ऑगस्ट-सप्टेंबरला त्याच फुटव्यांच्या पिकलेल्या काड्या घेऊन खुंटावर पाचर कलम करा, नंबर सरमिसळ होऊ देऊ नका. मॅडम म्हणतात त्या थराच्या भानगडीत कुठला नंबर टिकतो ते मग दिसेल.

आणि कृपा करून काड्या कुणाला वाटू नका, पाहुण्याला पण नाही. खरंच वेगळी निघाली तर 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर नोंदवता येते, वेलीला 18 वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. तिथे तीन गोष्टी बघतात, बाकी जातींपेक्षा वेगळी आहे का, सगळी झाडं एकसारखी आहेत का, आणि पुन्हा पुन्हा लावल्यावर टिकते का. आधी पुण्याजवळ मांजरी गावी द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथे दाखवा, आपल्या पिंपळगाव बसवंतलाही कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, जवळ पडेल.

निफाडचा_बागायतदार:
सगळ्यांचे आभार. डिपिंगचं विचारलं, कडेच्या ओळीला त्या दिवशी माणसं बदलली होती हे खरंय, चुलते खुश झालेत 😅 टॅग आज लावला. एकच राहिलं, लॅबमध्ये डीएनए टेस्ट करून थेट कळत नाही का, वर्षभर थांबायचं कशाला?

कॉलेजरोडची_बायोमॅडम:
नेहमीची डीएनए फिंगरप्रिंट टेस्ट ठराविक थोड्याच जागा तपासते. दोन वेगळ्या जाती ओळखायला ती झकास आहे, कॅबर्ने सोव्हिन्यॉंचे आईबाप 1997 ला त्यातूनच सापडले, कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यॉं ब्लां. पण तुमची काडी आणि बाकीचं झाड यात पन्नास कोटींत कदाचित एखाद्या जागी फरक, ती टेस्ट दोन्हीला थॉमसनच सांगणार. सोनाका आणि थॉमसन वेगळं करायलाही तिथे घाम फुटतो. गुणसूत्रं दुप्पट होऊन 76 झाली असती तर मुळाच्या टोकावर मोजता आली असती, पण तेव्हा मणी सहसा मोठे आणि गोलसर होतात, पानं जाड होतात, तुमचं वर्णन तसं नाही. वर्ष थांबावंच लागेल.

दिंडोरीचे_अण्णा:
आणि बिनजीएचे घड ठेवाल तेव्हा त्यावर कागदी पिशवी चढवा, शेजारच्या घडाला डिपिंग करताना शिंतोडे उडतात. आत्ता काढणीआधी दोन्ही काड्यांचे पंचवीस-पंचवीस मणी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजून लांबी-जाडी लिहून ठेवा आणि फोटो टाका इथे, पट्टी शेजारी ठेवून. नुसता घड हातात धरून काढलेला फोटो नको, त्यात सगळेच मणी लांब दिसतात.