स्वस्तातले पीसी अ‍ॅक्शन गेम म्हणजे कचरा?

एकच_घाव: काल एकाने ठोकून दिलं, 'स्वस्त अ‍ॅक्शन गेम म्हणजे कचरा, पैसे साठवा आणि वर्षातून एक मोठा गेम घ्या.' उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

असं म्हणणाऱ्यांनी तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्यात. जुना झाला म्हणून सेलमध्ये उतरलेला मोठा गेम, दोन-चार जणांनी जीव ओतून केलेला छोटा गेम, आणि विकत मिळणारी तयार पात्रं-देखावे चिकटवून केलेला माल. कचरा फक्त तिसरा. टायटनफॉल २ हा २०१६चा. त्यातलं भिंतींवरून धावत गोळ्या झाडणं आजच्या किती महागड्या शूटरला जमतं?

हॉटलाइन मायामी (२०१२) घ्या. वरून दिसणारी ठोकळेबाज चित्रं. दार ढकललं की दारामागचा शत्रू आडवा, पण दुसऱ्याच्या एकाच गोळीत तुम्ही गार. 'आर' दाबला की लगेच पुन्हा सुरुवात. लोडिंग नाही, मेनू नाही. अ‍ॅक्शन गेम चांगला की वाईट हे तिथे ठरतं, बोट दाबल्यावर पडद्यावर काय होतं त्यात. नायकाचे केस किती खरे दिसतात याच्याशी मला घेणं नाही.

रात्रीचा_तास: वाटणी छान केलीत, पण दुकानात तशी पाटी लावलेली नसते. २०१७ साली स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाने ग्रीनलाइट, म्हणजे कोणता गेम विकायला यावा याचं खेळाडूंचं मतदान, बंद करून स्टीम डायरेक्ट आणलं. शुल्क भरा, गेम विका. त्या ढिगाऱ्यातून चांगला शोधायचा कोणी? मुलं झोपली की मला जेमतेम तासभर मिळतो. मागे असाच एक स्वस्तातला घेतला. बटणं बदलायची सोय नाही, माउस अडखळतोय, उडी दाबल्यावर पात्र विचार करून उडतंय. तो तास मला कोण परत देणार?

एकच_घाव: तास नाही, पण पैसे मिळतात. स्टीमवर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर.

दोघांचा_स्टुडिओ: हे इतकं सहज बोलू नका. मी मित्राबरोबर छोटे गेम करतो. आमचा एक गेम दीड तासात संपतो. लोक शेवटपर्यंत खेळतात, 'मस्त' असं लिहितात आणि पैसे परत घेतात. २०२१ मध्ये एमिका गेम्स या छोट्या स्टुडिओने याच कारणाने गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं.

रात्रीचा_तास: मग मोठा गेम करा ना. दीड तासात संपणारं विकायचं आणि वर तक्रार आमचीच?

दोघांचा_स्टुडिओ: ही बोलायची पद्धत झाली? लांबी वाढवायची तर रिकामे बोळ आणि त्याच शत्रूंच्या लाटा भराव्या लागतात. मग वेळ वाया गेला म्हणून तुम्हीच ओरडणार! दीड तासाच्या त्या गेममध्ये एकही खोली उगाच नाही.

रात्रीचा_तास: बरं. पूर्ण संपवून परत करणारा लबाड, मान्य. पण उडीच धड लागत नाही म्हणून परत करणाऱ्याला त्याच माळेत ओवू नका.

दोघांचा_स्टुडिओ: त्याने करावाच. उडी नीट बसवायला आम्ही रात्री जागवतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता यावी, एवढी मुभा द्यावी लागते. ज्यांनी ती मेहनत घेतली नाही त्यांची बाजू मी घेणार नाही.

गर्दीतून_वाट: मूळ मुद्दा राहिला बाजूलाच. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या अगदी स्वस्त गेमने २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार घेतला, एल्डन रिंगसारखा मोठा गेम शर्यतीत असताना. विषय संपला.

रात्रीचा_तास: कसला संपला? त्यात मारायला बटणच नाही, हत्यारं आपोआप चालतात. याला अ‍ॅक्शन म्हणायचं?

गर्दीतून_वाट: शेकडो राक्षस चहूबाजूंनी आले की त्यातून फट काढून दाखवा, मग बोला.

एकच_घाव: तो वाद राहू द्या. @रात्रीचा_तास, तुम्हाला तासाभरात बसणारं हवंय ना? डस्क (२०१८) घ्या. सुरुवातीलाच करवतवाले अंगावर येतात आणि तुमच्या हातात फक्त दोन विळे. तो गेम तुमचा आहे की नाही, हे पहिल्या लेव्हलमध्येच कळेल.

रात्रीचा_तास: घेतो. पण हाताला नाही बसला तर दोन तासांच्या आत परत करणार, आणि तेव्हा स्टुडिओवाल्यांनी मला काही ऐकवायचं नाही.