गार्डनचा पाथवे आणि काथ्या

सेक्रेटरी: नमस्कार. पाथवेचं पीसीसी, म्हणजे बिनसळीचं साधं काँक्रीट, पुढच्या सोमवारी. मागच्या वेळी लगेच केसासारख्या भेगा पडल्या, म्हणून काँट्रॅक्टर प्लास्टिक फायबरच्या पुड्या टाकायच्या म्हणतोय. कोणाची हरकत?

बी-४०३: प्लास्टिकऐवजी काथ्या चालेल का? सासरी गुहागरला भिंतीच्या मातीत पेंढा मळायचे. आपल्या गेटवर तर शहाळ्यांचा रोज ढीग पडतो.

ए-१०२: ताई, दोन पावसाळ्यांत कुजेल तो.

सी-७०१: कुजण्यापेक्षा चुन्याची भीती जास्त. सिमेंट भिजलं की चुना सुटतो, पीएच १२ च्या वर जातो आणि तंतू हळूहळू ठिसूळ होतात. ताग लवकर जातो, काथ्या त्यामानाने टिकतो. पण पाथवेला त्याची खरी गरज पहिल्या दिवशी असते. आपल्या नेरूळच्या खाडीच्या वाऱ्यात ओलं काँक्रीट वरून भराभर सुकतं, आकसतं, तिथेच भेग पडते. त्या वेळी तंतू धरून ठेवतात.

सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, असते, ती सुटलेला चुना वापरून टाकते. काथ्यालाही बरं.

ए-१०२: काका, मग हवेत जाणारा कार्बन वाचतो तो काथ्यामुळे की राखेमुळे?

सी-७०१: मुख्यतः राखेमुळे. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून सिमेंट जितकं कमी तितकं चांगलं. काथ्यामुळे प्लास्टिक वाचतं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यातही भांगेच्या झाडाचे अंश सापडलेत, तेव्हा ही रीत आपल्याकडे जुनीच.

एक मात्र हात जोडून सांगतो, पार्किंगच्या बीमच्या रिपेअरमध्ये हा विषय आणू नका. सळीची जागा काथ्या घेऊ शकत नाही.

बी-४०३: शहाळ्याची सालं देऊ का गोळा करून?

सी-७०१: नको ताई. ओल्या सालीतली साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही. सोडण सडवून काढलेला तयार काथ्या आणू. दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे, धुऊन, रात्रभर भिजवून, निथळून. कोरडा टाकला तर मिक्सचं पाणी पितो. ५० किलोच्या गोणीला अर्धा किलो पुरे, जास्त झाला की गोळे होतात.

सेक्रेटरी: बाकांजवळचे दोन पॅनल काथ्याचे, शेजारचे दोन साधे. पावसाळ्यानंतर बघू. बाकी पाथवे तेव्हाच.

सी-७०१: उत्तम. पण पाणी निदान १० दिवस मारायचं. सकाळचं माझ्याकडे.

ए-१०२: संध्याकाळचं मी बघतो, काका.