जुनी लाकडी आगगाडी बाळाला द्यावी का? रंगात शिसं असेल अशी भीती वाटते

रानजाई:
माझ्या लहानपणीची लाकडी आगगाडी आईने जपून ठेवली होती. डबे पिवळे-नारिंगी, चाकं लाल. लेक आता रांगते, हाती लागेल ते आधी तोंडात. गाडीच्या कडांचा रंग उडालाय, चाकांपाशी पोपडे सुटलेत. घरचे म्हणतात, "तूही हीच चघळलीस, काय झालं तुला?" पॉलिश पेपरने घासून नवा रंग दिला तर चालेल का?

निळीशाई:
ताई, गाडी आधी तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, बाकीचं मग वाचा.

मी रंगांच्या तपासणीत काम करते. पिवळा आणि नारिंगी म्हटलं की माझ्या मनात पहिला संशय लेड क्रोमेटचा, म्हणजे शिसं असलेल्या रंगद्रव्याचा. रंग दाट बसतो, लवकर विटत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते वापरलं गेलं. पांढऱ्यात लेड कार्बोनेट असायचं, तेही शिशाचंच. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे ड्रायर घालत, ते कुठल्याही रंगात सापडतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून निर्धास्त होऊ नका.

घासायचं तर मुळीच नाही. कोरडं घासलं की शिशाची बारीक धूळ उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल तेच तळवे चोखतं. तापवून रंग काढणं तर त्याहून वाईट. वरून नवा हात दिला तरी बाळाचे दात खालच्या थरापर्यंत पोचतातच.

आता "काय झालं तुला" याबद्दल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. थोडंथोडं शिसं पोटात जाताना मूल आजारी दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर: बुद्धी, लक्ष, वागणं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात लहान मुलांच्या अंगात शोषलं जातं. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं, तिथे ते दशकानुदशकं राहतं. सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि हे आज कळलेलं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी 1904 सालीच लिहिलं होतं की मुलांना शिशाची बाधा होते ती घरातल्या रंगवलेल्या कठड्यांमुळे आणि भिंतींमुळे.

कडुलिंब:
घरी करायच्या काडीच्या चाचण्या मिळतात ना? त्या पुरेशा नाहीत का?

निळीशाई:
भरवसा ठेवू नका. काडी वरचाच थर बघते, शिसं खालच्या थरात असलं तर ती गप्प. त्यातल्या काही शिसं लागलं की गुलाबी-लाल होतात. लाल चाकाचा रंगच काडीला लागला तर काय समजायचं? प्रयोगशाळेत खेळणं न मोडता एक्स-रे उपकरणाने तपासता येतं. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगाला 90 पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे किलोभर वाळलेल्या रंगात 90 मिलिग्रॅम शिसं. 2009 पूर्वी ती 600 होती.

पानगळ:
मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. बाळाने गाडी चघळली असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. बोटातून घेतलेल्या रक्ताचा आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात, कारण बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, तेही विचारा.

रानजाई:
उद्याच डॉक्टरांना फोन करते. गाडी फेकवत नाही हो. वरच्या कपाटात ठेवली तर?

निळीशाई:
ठेवा, पण जाड पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून. पोपडे गळतात. जिथे लेक खेळत होती ती जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका, आणि ते फडकं टाकून द्या. तिचे हात खाण्याआधी साबणाने धुवा. दुसरी लाकडी खेळणी घ्यायची असतील तर बिनरंगाची, गुळगुळीत बघा.