पोर्तुगीज 'पागार' आणि आपला 'पगार'

भाषांतरवेडी: पोर्तुगीज संवाद मराठीत आणतेय. 'कें पागा उ पातु?' शब्दशः, बदकाचे पैसे कोण देणार? अर्थ, दुसऱ्याने केलेलं कोणी निस्तरायचं. 'भुर्दंड' लिहिलं तर संपादक म्हणतात, तो फक्त पैशाचा. काय लिहू?

खोडरबर: 'चोर सोडून संन्याशाला फाशी' चालेल, पण बदक गेलं. 'पागार' म्हणजे पैसे देणे; त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला शांत करायचं तर पैसे मोजा! त्याचंच भावंड 'अपागार': दिवा विझवणे, फळा पुसणे.

सांबाप्रेमी: ब्राझीलमध्ये 'पागार मीकु' म्हणजे चारचौघांत फजिती होणे. मीकु हे छोटं माकड. पत्त्यांच्या खेळात त्याचं पान शेवटी ज्याच्या हाती राहील तो हरला.

वसईवाला: आमच्याकडे 1534 ते 1739 पोर्तुगीज होते. चावी, साबण, पाव ही सगळी नामं आली. पगार मात्र त्यांच्याकडे क्रियापद, आपल्याकडे नाम! पगाराला ते स्वतः 'सालारियु' किंवा 'ऑर्देनादु' म्हणतात.

शुद्धमती: 'वेतन' हा अस्सल शब्द असताना ही उसनवारी कशाला?

खोडरबर: वेतन आयोगाच्या कागदावर असतं हो, खात्यात पगारच जमा होतो. 'बिनपगारी फुल अधिकारी'ला 'अवैतनिक पूर्णाधिकारी' म्हणून बघा, कोणी हसतं का.

शुद्धमती: हसू येणं हा भाषेचा निकष नव्हे. 'महापौर'लाही लोक आधी हसलेच असतील.

पायपीट: पग + आर. पाय झिजवल्यावर मिळतो तो पगार. पोर्तुगीजांनीच आपल्याकडून नेला असणार!

खोडरबर: मग इंग्रजांचा 'पे'ही आपणच दिला का? तोही फ्रेंचमार्गे त्याच 'पाकारे'तून आलाय. मलयमध्ये 'पगार' म्हणजे कुंपण, तिथेही पाय झिजवा.

भाषांतरवेडी: बदकाचं कोणी बघतंय का?

कसमादे: आमच्या नाशिककडे पगार आडनावाची कितीतरी घरं आहेत. कळवणला कुठले आलेत पोर्तुगीज?

वसईवाला: पगार की पगारे?

कसमादे: दोन्ही आहेत, आणि एक नव्हेत. 'पगारे' म्हटलेलं आमच्या पगारांना खपत नाही.

शुद्धमती: म्हणजे शब्द देशीच निघाला ना?

खोडरबर: आडनाव सारखं म्हणून शब्द एक? उद्या 'काळे' आडनावावरून रंग ठरवाल.